नऊशे साठ टोकं

१२ सप्टेंबर

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी डावा गुडघा आणि कंबर सध्या रजेवर आहेत, तेव्हा सहा अंगांचा धरून चाल. आम्ही इथे ठीक. तुझी भावजय ठीक, तिचा आवाज त्याहून ठीक. भावोजींचा खोकला कसा आहे ते कळव. त्यांना माझा नमस्कार सांग, तो मात्र पूर्ण.

पत्र बघून दचकली असशील. पण फोन केला की तू "बरं" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो, आणि मग आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

विषय उत्सवाचा आहे. आपल्या गावात गेली सहा वर्षं दर शरदात कारागिरी आणि वारसा उत्सव भरतो, हे तुला उडत उडत कळलं असेल. अध्यक्ष आपले औषधवाले. दुकानातली सवय त्यांनी समितीत आणली आहे. कोणतीही अडचण सांगायला लागलं, की चिठ्ठी न वाचताच फडताळाकडे वळतात. मी चिटणीस. का, तर माझं अक्षर बरं आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट. तीस वर्षं संस्कृत शिकवल्याचं फळ म्हणून मला निमंत्रणपत्रिका तपासायला मिळतात.

पहिल्या चार बैठका वारसा म्हणजे किती वर्षांपूर्वीचा, यावर गेल्या. पन्नास ठरले. त्यामुळे कुंभार बसला, पुस्तकं बांधणारा बसला, आणि बेकरीवाला अठ्ठेचाळीसवर अडकला. त्याने पुरावा म्हणून आजोबांचा एक फोटो आणला. फोटोत आजोबा पाव खाताहेत. भाजणं आणि खाणं यांत फरक करावा की नाही, यावर पाचवी बैठक झाली. मी इतिवृत्त लिहिलं. एवढं तर्कशास्त्र मला परीक्षेतही कधी लिहावं लागलं नव्हतं.

लोहाराला निमंत्रण आहे, विस्तवाला नाही. मंडपात आग चालत नाही म्हणे. म्हणून त्याने थंड लोखंडावर हातोडा मारून दाखवायचा आणि उरलेलं लोकांनी मनाने समजून घ्यायचं. त्याने मला अगदी शांतपणे विचारलं, की पोहण्याचं प्रात्यक्षिक ठेवलंत तर कोरड्या हौदात ठेवणार का. कुंभाराची निराळीच कथा. तो जन्मभर पँट-शर्टात चाक फिरवत आला, आणि समिती म्हणते भाड्याचा वेश घाल, तू जुना दिसत नाहीस. त्याला साठ पूर्ण झाली आहेत. याहून जुनं दिसण्यासाठी त्याने नेमकं काय करावं ते समितीने लेखी द्यावं, असं मी इतिवृत्तात घालायला गेलो, तर औषधवाले म्हणाले, गुरुजी, तेवढं गाळा.

मी वैतागलोय, ताई. आणि हे वैतागणं सांगायला घरात जागा नाही, कारण तुझ्या भावजयीचं एकच उत्तर असतं. राजीनामा द्या. तोही मला शुद्ध लिहिता येतो म्हणते.

आता मुद्दा. यंदा समितीला माग हवाय. आपला, आप्पांचा. गावात उरलेला हा शेवटचा हातमाग, हे त्यांना सहाव्या वर्षी समजलं. तो ओसरीवरून उचलून उत्सवाच्या सभागृहात मांडायचा आणि त्यावर कुणीतरी विणून दाखवायचं. विणणारं कुणी मिळालं नाही, तर तो कायमचा नगरभवनाच्या दारात जाईल. चहूबाजूंनी जाड दोरी, आणि "हात लावू नये" अशी पाटी. पाटी मलाच लिहावी लागणार, हे ओघाने आलंच. विणणारं मिळालं तर समिती तो दरवर्षी चालता ठेवेल, त्याच्यासाठी खोली देईल, शिकायला चार मुलीही आणून बसवेल. ठराव झालाय. मीच लिहिलाय, म्हणून त्यात पळवाट नाही.

आणि विणणारं म्हणजे कोण, हे तुला ठाऊक आहे. आप्पांच्या हाताखाली अडतीस वर्षं बसलेलं माणूस जगात एकच आहे. लाटेची वीण आप्पांनंतर फक्त तुझ्या पायांना माहीत आहे.

तर ये. उत्सव अठरा ऑक्टोबरला. तू आणि भावोजी गाव सोडून गेलात त्याला नऊ वर्षं झाली. कारणं असतील, ती आता उगाळण्यात अर्थ नाही. माग तुझी वाट बघतोय असलं काही मी लिहिणार नाही, तुला ते आवडायचं नाही. पण तो स्वच्छ आहे. मी स्वतः पुसलाय. दोन दिवस कमरेचं ऐकलं नाही. फणीचा एकेक दात जुन्या दातघासणीने साफ केला, लाकडाला तेल लावलं, लोंबकळणारं जळमट सगळं काढलं. आप्पांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, या पोराने जन्मात पहिल्यांदा मागाला हात लावला. नवा कोरा दिसतोय. औषधवाल्यांनी तर तोंडात बोट घातलं.

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर "बरं" म्हणालीस तर ते होकाराचं की नुसतं श्वासाचं, हे मला ओळखता येत नाही.

सहा अंगांनी नम्र,
तुझा धाकटा


२६ सप्टेंबर

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. आज पाचच अंगं.

तुझं पत्र सहाव्या दिवशी आलं. नऊ वर्षांत पहिलं, आणि आठ ओळींचं. तुझा हात आखडताच. मी आठ ओळींत संबोधनसुद्धा पूर्ण करत नाही.

तू येतेस हे वाचून तुझ्या भावजयीने लगेच वरच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या. सूत रंगवून वाळत घातलंस, ताण्याचे नऊशे साठ धागे मोजून ठेवलेस, हेही तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघा, याला म्हणतात उत्तर. भावोजींचा खोकला गेला हे छान झालं. तू चार दिवस आधी येणार, म्हणजे चौदाला. बसथांब्यावर मी येईन. तुझ्या पत्राच्या एकेका ओळीचं उत्तर देतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

पण मी विचार करत होतो. तू विणलंच पाहिजेस असं काही नाही. म्हणजे ठरावात तसं आहे, पण ठराव म्हणजे काही वेद नव्हे. तुला औषधवाल्यांकडून उद्घाटनाचं बोलावणं आणता येईल. फीत कापायची, चार शब्द बोलायचे, खुर्चीवर बसायचं. किंवा मडक्यांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून. मडक्यांतलं तुला काही कळत नाही, पण उरलेल्या दोन परीक्षकांनाही कळत नाही, तेव्हा एकमत चटकन होईल. एवढा प्रवास, त्यात नऊशे साठ धाग्यांचं ओझं. तुझे गुडघे माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत. पावड्या दाबणं म्हणजे काही थट्टा नाही.

शिवाय समितीने विणकामाला वेळ किती दिलाय, ऐक. अकरा ते अकरा वीस. वीस मिनिटं. अकरा वीसला त्याच जागी जादूगार आहे. तो वारशात कसा बसला हे विचारू नकोस, त्याच्याकडे आजोबांचा फोटो नाही पण पुतण्या समितीत आहे. आप्पांना धोट्यात कांडी भरून, बूड टेकून, पान थुंकून येईपर्यंत वीस मिनिटं लागत. मी हे बैठकीत सांगितलं. औषधवाल्यांनी विचारलं, मग डोस वाढवायचा का. पंचवीस करतो म्हणाले.

छापखान्याने पत्रिका पाठवल्या. "कारागिरी" बरोबर आहे, "वारसा" बरोबर आहे, तारीख चुकली आहे. सतरा छापली. तीन वेळा तपासल्याचं औषधवाले शपथेवर सांगतात. तपासली मी होती. पण तो विषय वेगळा.

काल सुतार येऊन गेला. तोच, आप्पांच्या वेळचा, मागाच्या पावड्या बदलून द्यायचा तो म्हातारा. माग हलवायचा तर सांधे कसे सोडवायचे ते बघायला बोलावलं होतं. ओसरीवर आला, मागाच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथेच उभा राहिला. मी चहा विचारला, तर नको म्हणाला. त्याने चहा नको म्हटल्याचं मला आठवत नाही. लाकूड चांगलं आहे म्हणाला आणि गेला.

तुझी भावजय हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि विचारतेय, की सहाव्या ओळीचं काय. तुझी सहावी ओळ माझ्यासमोर आहे: "टोकांना हात लावू नकोस, जुन्या चादरीने झाकून ठेव, सांधायला मला दोन दिवस पुरतील." तिचं उत्तर सवडीने देतो. आत्ता छापखान्यात जायचंय, सतराचे अठरा करायला. आठशे पत्रिका आहेत, आणि हाताने करायचे आहेत.

उद्घाटनाचं मनावर घे. तुला ते शोभेल.

घाईत,
तुझा धाकटा


४ ऑक्टोबर

ताई,

आज नमस्कारही घालत नाही. आधी वाच, मग तुला घ्यावासा वाटला तर घे.

टोकं नाहीत.

मी कापली. ज्याला मी मोठ्या ऐटीत जळमट म्हणून लिहिलं, ती तीच होती. फणीच्या मागे हातभर लोंबणारे मळके, तेलकट धागे. आप्पांच्या शेवटच्या कापडाचे. मला ते दाढी न केलेल्या माणसाच्या हनुवटीसारखे दिसले. औषधवाले बघायला येणार होते. तुझ्या भावजयीची कापड बेतायची मोठी कात्री घेतली, मूठ मूठ धरून कापले, फणीत राहिलेले तुकडे एकेक करून उपसून काढले, आणि वर दातघासणी फिरवली. एकही शिल्लक ठेवला नाही. मला कामात हयगय खपत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

ते काय होतं, हे मला तुझ्या सहाव्या ओळीपर्यंत माहीत नव्हतं. तुला हे पटायचं नाही. ज्या घरात जन्मलो, जिथे बावन्न वर्षं त्या मागाच्या खटखटीवर आणि नंतर त्याच्या मुकेपणावर झोपलो उठलो, तिथे मला हे माहीत नव्हतं. तुझी ओळ वाचली आणि ती कात्री आठवली. तरी मी स्वतःला समजावलं, की टोकं म्हणजे दुसरीच कसली तरी असतील. मग सुतार आला. मागे उभा राहून तो एवढंच म्हणाला होता, "हे कुणी केलं?"

मी म्हणालो, समितीने.

मागच्या पत्रात हे गाळलं. त्याने चहा का नाकारला ते आता तुला कळलं असेल. त्याला माझं खरं वाटलं नाही, आणि आमच्या घरचा चहा घेऊन खोटं ऐकायची त्याची तयारी नव्हती.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या कामाच्या जागी गेलो. रंध्याच्या भुश्शात उभं राहून सांगितलं, की मी केलं. त्याने रंधा थांबवला नाही. पण सांगितलं सगळं. तुला हे सांगणं म्हणजे सूर्याला उजेडाची माहिती देणं आहे, तरी सांगतो, कारण मला किती कळलंय ते तुला कळायला हवं. की माग कधी मोकळा सोडायचा नसतो. कापड उतरवलं तरी जुन्या ताण्याची टोकं फणीत आणि पावड्यांनी वरखाली होणाऱ्या दोऱ्यांच्या डोळ्यांत ओवलेलीच ठेवायची. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळून सांधायचा आणि ओढून घ्यायचा. म्हणजे कुठला धागा कुठल्या डोळ्यातून जातो हे कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही. ते मागाच्याच लक्षात असतं. आजोबांनी एकदा ओवलं. मग त्यांच्या टोकांना त्यांचेच पुढचे धागे, त्यांना आप्पांचे, आप्पांच्या टोकांना कधी तुझे. साठाहून जास्त वर्षं एकाला एक बांधलेलं, कधी न तुटलेलं. लाटेची वीण आप्पांनी कागदावर लिहिली नाही, कारण ती लिहिलेलीच होती. मी ती पुसली.

मी, जो मुलांना सांगतो, की पोथीचं एक पान हरवलं तर चार पिढ्यांचं पाठांतर वाया जातं. पुढचं वाक्य तूच लिही, मला लिहवत नाही.

हे पत्र मी आधी एकदा लिहून फाडलं. त्यात समितीनेच कापलं होतं. फार सुरेख उतरलं होतं पत्र. औषधवाले कात्री घेऊन उभे, मी दारात आडवा पडलेला, वगैरे. तुझ्या भावजयीने वाचलं आणि म्हणाली, "हे पाठवलंत तर त्या समितीत आणि तुमच्यात फरक काय राहिला?" मग स्वयंपाकघरात गेली. गेला महिनाभर मी समितीवर एवढा का चिडलो होतो, ते मला तेव्हा समजलं. दुसऱ्यांचा मूर्खपणा रोज हाताशी असला की आपल्याकडे बघायला सवड होत नाही. औषधवाल्यांनी सहा वर्षांत काहीच कापलेलं नाही. त्यांनी फक्त एक तारीख चुकवली, आणि तीही मीच चुकवली होती.

आता आलोच आहे, तर नऊ वर्षांपूर्वीच्या गोष्टीपर्यंत जातो. कारणं उगाळण्यात अर्थ नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. कारण एकच होतं, आणि ते मला पाठ आहे. आप्पा गेल्याला पंधरा दिवस झाले होते. ओसरीवर शाळेतले दोघं बसले होते, तू आत कांड्या भरत होतीस. मी त्यांना म्हणालो, ही अडगळ हलवली की इथे पुस्तकांची तीन कपाटं बसतील. तू बाहेर आलीस. मागावरचा धोटा उचललास, पदराला पुसलास, पिशवीत टाकलास आणि भावोजींना हाक मारलीस. तू एक शब्द बोलली नाहीस, म्हणून मी ऐकलंच नाही असं मी नऊ वर्षं धरून चाललो. तुम्ही महिनाभरात गाव सोडलंत. कपाटं मी आणली नाहीत. त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत आलो. आणि आता समितीने त्याच अडगळीला वारसा म्हटल्यावर मी तो शब्द ठरावात घातला, मोठ्या अक्षरांत.

लोकांना मी सांगत आलो, की आप्पांनी मला मागावर बसू दिलं नाही, लेकीला शिकवलं. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, तो मला दुसरा कप चहा देतो. खरं म्हणजे मी त्यांच्याकडे कधी मागितलंच नाही. मला हात मळवायचे नव्हते. तू अकराव्या वर्षापासून तिथे बसायचीस आणि मी आतल्या खोलीत रूपं घोकायचो, तीही जरा मोठ्याने, तुझ्या खटखटीच्या वर जाईल अशी. आप्पांनी एकदा मान आत घालून विचारलं होतं, "येतोस का रे?" मी पाठ केलेलं विसरेन म्हणालो. ते परत गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही आजवर कुणाला हे सांगितलं नाही.

हे झालं माझं. आता मागाचं.

सुतार म्हणाला, वीण गेली असं आत्ताच धरू नकोस, कापड शोध. तुझ्या भावजयीने माझ्या शब्दकोशांखालचा मेजपोस ओढून काढला. आप्पांनी माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी दिला होता. तीस वर्षं त्यावर आठ जाड खंड होते, म्हणून मधल्या भागाचा रंग उडालेला नाही, अगदी ताजा आहे. लाटेचीच वीण. मी भिंग घेतलं, टाचणी घेतली, आणि गेले सहा दिवस शाळेतून आलो की उजेड असेपर्यंत खिडकीशी बसतो. पोथी लावतात तसा तो लावतोय. प्रत्येक उभा धागा कुठे वर येतो, कुठे खाली जातो, हे पट्टीवर लिहायचं. जे धागे एकत्र उठतात, एकत्र बसतात, ते एका घरचे. यासाठी मेजपोस मला एका टोकापासून उसवावा लागला. चार बोटं कापड गेलं. तुला विचारायला हवं होतं, पण विचारायची पाळी माझी कधीच संपली होती.

एक लाट अठ्ठेचाळीस धाग्यांची आहे, आणि अशा वीस लाटा. एवढं तुला माहीत असेल. मला ते मोजून कळलं तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो. आप्पा निरक्षर आहेत असं मी मनात धरून होतो, आणि ते एवढं लांबलचक वृत्त एक मात्रा न चुकता पायांनी म्हणत होते. अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस धागे लागले. सात लागत नाहीत. लाटेचा माथा जिथे मोडतो तिथे ते कुठून येतात आणि कुठे जातात, ते मला दर वेळी वेगळंच दिसतं. शाळेत मी अशा जागी पाठभेद म्हणून खूण करतो आणि पुढे जातो. इथे पुढे जाता येत नाही. कदाचित तुझ्या पायांना ते सात आठवतील. कदाचित नाही आठवणार. मग साधी वीण घाल. किंवा काहीच घालू नकोस.

आणखी एक सुतार म्हणाला. टोकं असतात तेव्हा सांधणी एकट्याने होते. टोकं गेली, की माग कोऱ्यापासून ओवावा लागतो, आणि ते काम एकट्याचं नाही. पुढे बसणारा फणीतून आकडी घालतो, मागे बसणारा ताण्यातला पुढचा धागा निवडून त्या आकडीत देतो. नऊशे साठ वेळा. मागच्याला विणता यावं लागत नाही. त्याला फक्त पुढच्याने मागितलेला धागा द्यावा लागतो, आणि गप्प बसावं लागतं. दुसरं मला जमेल की नाही याची तुझी भावजय खात्री देत नाही. मी रोज सराव करतोय.

समितीला मी कळवलंय. बैठकीत उभा राहून सांगितलं, की टोकं मी कापली, आणि ते इतिवृत्तात लिहिलंही. औषधवाले म्हणाले, गुरुजी, तेवढं गाळा. मी नाही गाळलं. अकरा ते अकरा वीसही रद्द झालं. उत्सवात विणकाम दिसणार नाही. दिसलंच तर ओवणं दिसेल, दोन दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, दोन वयस्क माणसं मागाच्या दोन बाजूंना बसून. त्यात बघण्यासारखं काही नाही, हे मी त्यांना आधीच बजावलंय. जादूगाराला दुसरी जागा दिली. माग मी हलवू दिला नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी ओसरीवर यावं.

तू आली नाहीस तर माझी तक्रार नाही. मग तो दोरीमागे जाईल, आणि पाटीवर मी खरं काय झालं ते लिहीन. रंगवलेलं सूत तू दुसऱ्या कुठल्या मागावर चढव, ते वाया जाऊ देऊ नकोस. आलीस, आणि ओसरीवर मागाकडे बघून न बोलता परत फिरलीस, तरी चौदाला बसथांब्यावर मी असेन. या वेळी तुझी पिशवी उचलून परत गाडीत ठेवायलासुद्धा मी असेन. गेल्या वेळी तेही केलं नव्हतं.

पण आलीस आणि बसलीस, तर मागाच्या पुढची जागा तुझी आहे. ती मी तुला देतोय असं समजू नकोस. ती माझ्या देण्यातली कधीच नव्हती, आणि एवढं एक वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

मागच्या बाजूला, तू मागशील तो धागा द्यायला बसलेला,
तुझा भाऊ